सरांच्या नाकातली मंडळी

प्रयोगशाळेत नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी सर त्याला इन्क्युबेटरसमोर उभं करायचे, दार उघडून आतला चपटा फ्लास्क दाखवायचे आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवून म्हणायचे, "हे सगळे इथून आलेत." नवा माणूस आधी फ्लास्ककडे बघायचा, मग नाकाकडे, आणि मग हळूच बाहेरच्या दाराकडे. फ्लास्कात जरासं गढूळ गुलाबी पाणी असायचं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नाक मात्र बघण्यासारखं होतं. डाव्या नाकपुडीवर एक खोलगट डाग होता, आणि सर तो पदकासारखा मिरवत.

त्या डागाची कथा सगळ्यांना तोंडपाठ होती. तरुणपणी सर रानोमाळ वाळूमाश्या पकडत हिंडत असत. वाळूमाशी म्हणजे डासाहून बारीक, आवाज न करता येणारी आणि काम उरकून जाणारी बया. ती चावते तेव्हा एक परजीवी अंगात सोडून जाते. काही आठवड्यांनी तिथं फोड येतो, फोडाचा व्रण होतो, व्रण महिनोन्महिने चिघळतो, आणि तो नाकावर किंवा ओठावर असला तर माणसाचा चेहराच बदलून टाकतो. सरांना ती नाकावर चावली. त्यांचा व्रण कसाबसा आपोआप भरला. दुसऱ्या कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असता आणि गप्प बसला असता. सरांनी तो भरण्याआधी खरवडून घेतला, त्यातले परजीवी काचेत वाढवले, आणि पुढची तीस वर्षं त्यांच्याच जोरावर पदवी, खुर्ची, मोठी खोली आणि भाषणांची आमंत्रणं मिळवली.

त्या परजीवींना प्रयोगशाळेत 'मंडळी' म्हणत. मंडळींचा थाट विचारू नका. खायला सगळ्यात महागडं सीरम त्यांना, ठरलेली ऊब त्यांना, आणि घर जरा गजबजलं की नव्या फ्लास्कात स्थलांतरही त्यांनाच. शिवाय एक कडक नियम होता: बाहेरचा परजीवी आत आणायचा नाही. "आमच्याकडे एकच घराणं," सर म्हणत. सरमिसळ व्हायला नको, असं कारण ते द्यायचे. खरं कारण असं, की दुसऱ्या कुणाच्या नाकातून आलेल्याला त्या इन्क्युबेटरमध्ये जागा देणं त्यांच्या जिवावर येत असे. कुठलंही औषध तपासायचं तर ते मंडळींवर, आणि फक्त मंडळींवर.

वरच्या मजल्यावर बसणारी रसायनवाली या मंडळींना मारायचा पगार घेत होती. नवी नवी संयुगं बनवायची आणि खाली पाठवायची, हे तिचं काम. बनवणं म्हणजे दिवसभर काचेच्या भांड्यात काहीतरी ढवळत ठेवायचं, उकळायचं, गाळायचं आणि शेवटी तळाशी चिमूटभर उरलं तर देवाचे आभार मानायचे. सहा वर्षांत तिनं एकवीस संयुगं खाली धाडली होती. एक डांबरासारखं झालं ते भांड्यासकट फेकावं लागलं. एकाला असा वास होता की कँटीनमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. आणि एकविसाव्यानं तर मंडळींनी चक्क बाळसं धरलं.

बाविसावं पिवळं निघालं. इतकं पिवळं की तिचं बाक, बाही आणि नाकाचा शेंडा आठवडाभर पिवळेच राहिले. तिनं त्याला 'पिवळी' म्हणायला सुरुवात केली आणि ते खाली पाठवून विसरूनही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींची देखभाल करणारा खालचा जंतूवाला जिना चढून धावत वर आला. तो धावणारा गडी नव्हता. आग लागल्याची घंटा झाली तरी तो डबा संपवूनच उठला असता.

"मेले," तो धापा टाकत म्हणाला.

"कोण? कोण गेलं?"

"अगं, मंडळी! एकूण एक! चल, बघायला चल."

तिनं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. एरवी शाळा सुटल्यासारखे इकडून तिकडे पळणारे ते शेपटीवाले जीव आडवे झाले होते. एकही हलत नव्हता. तिनं ढोस निम्मा करायला सांगितलं, मग निम्म्याचा निम्मा. तरी मंडळी आडवीच. त्या दिवशी ती जंतूवाल्याच्या गळ्यात पडली, आणि त्याच्या कोटावरही पिवळा डाग पडला.

आनंद उगाचच झालेला नव्हता. या रोगावर औषध आहे, नाही असं नाही, पण ते जुनं आणि दांडगं आहे. आठवडेच्या आठवडे सुया टोचून घ्यायच्या, दंड सुजवून घ्यायचा आणि हृदयावर डॉक्टरांची नजर ठेवायची. कितीतरी लोक मधेच कंटाळून घरी जातात आणि तोंडाला रुमाल बांधून आयुष्य काढतात. रसायनवालीला घरच्या घरी बोटानं लावता येईल असं मलम हवं होतं. पिवळी तसं मलम होऊ शकली असती. नव्या औषधांना परवानगी देणाऱ्या मोठ्या समितीनं मान डोलावली, की आधी प्राण्यांवर आणि मग इस्पितळात माणसांवर तिची चाचणी होणार होती. समितीची बैठक जवळ आली होती. सहा वर्षं ज्यासाठी घालवली ते आता हातभर अंतरावर होतं, आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"लावायचं औषध ना?" फोनवर तिच्या आईनं विचारलं. "मग माझ्या टाचांना लावून बघू का?"

"आई, ते परजीवीवर आहे."

"माझ्या टाचांना काय झालंय ते तरी कुणाला ठाऊक आहे? डॉक्टर नुसतं बघतो आणि हं म्हणतो."

बैठकीला महिना उरला असताना काकू येऊन थडकल्या. काकू म्हणजे सरांची बायको. पेशानं दातांच्या डॉक्टर, आणि समोरचा माणूस बोलू शकत नाही अशा अवस्थेत त्याच्याशी गप्पा मारायची आयुष्यभराची सवय. त्यांनी सरांना दंडाला धरून सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं.

"हे नाक बघा," त्या म्हणाल्या. "नाक माझ्या हद्दीत येत नाही. पण ते दातांच्या वरच असतं, त्यामुळे मला रोज दिसतं. डागाच्या कडेला सूज आलीय. हे म्हणतात, मुरूम आहे."

"मुरूमच आहे," सर म्हणाले.

"साठी उलटल्यावर मुरूम! उद्या मिसरूड फुटली म्हणाल." काकूंनी पर्समधून निर्जंतुक पाकिटातलं आपलं बारीक हत्यार काढलं. "हं, तोंड उघडा. नाही, नको, बंद ठेवा. सवय हो."

सूज खरवडून जे आलं ते जंतूवाल्यानं काचेवर पसरलं, रंग दिला आणि बघितलं. मग तो उठला आणि सूक्ष्मदर्शक रसायनवालीकडे सरकवला. पेशींच्या पोटात गोल गोल ठिपके दिसत होते. हा परजीवी माणसाच्या अंगात असाच राहतो, शेपूट आवरून, पेशीत दडून. म्हणजे मंडळींपैकी काहीजण तीस वर्षांपूर्वी काचेत राहायला गेलेच नव्हते. ते सरांच्या नाकातच मुक्काम ठोकून होते, आणि वय झाल्यावर सरांची ताकद कमी झालेली बघून पुन्हा बाहेर डोकावले होते.

सर घाबरतील असं सगळ्यांना वाटलं. सर उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"गेलेच नव्हते!" ते म्हणाले. "तीस वर्षं माझ्यापाशीच होते!"

"परदेशातून मुलगा आल्यासारखं काय करताय?" काकू कडाडल्या. "उद्याच्या उद्या त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं आणि सुया सुरू करायच्या."

पण सरांच्या डोळ्यांत आता वेगळंच तेज चढलं होतं. सुया कशाला? पिवळी आहे ना! समितीच्या बैठकीला महिना आहे. रोज नाकाला पिवळी लावायची, महिन्यात नाक स्वच्छ, आणि मग समितीसमोर उभं राहून सांगायचं, की ज्या नाकातून रोगाचा अभ्यास सुरू झाला त्याच नाकावर औषध सिद्ध झालं. इतकी सुबक गोष्ट सरांनी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि ती त्यांना स्वतःलाच सुचली होती.

"सर, असं माणसावर लावता येत नाही," रसायनवाली म्हणाली. "परवानगी लागते."

"माणसावर नाही लावता येत. मी विभागप्रमुख आहे."

"निदान आधी काचेत तरी बघू द्या. या नाकातल्यांवर."

"अगं, ही तीच मंडळी! सख्खी भावंडं! त्यांच्यावर वेगळं काय बघणार? बरं, हौस असेल तर बघ."

जंतूवाल्यानं नाकातले परजीवी वेगळ्या फ्लास्कात वाढायला ठेवले. ते वाढायला तयारच नव्हते. सीरमला तोंड लावेनात, उबेला दाद देईनात. तो सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर उभा राहून विनवण्या करायचा. बऱ्याच मिनतवाऱ्यांनी ते एकदाचे पोहायला लागले. मग रसायनवालीनं एका बशीत फ्लास्कातली मंडळी, शेजारच्या बशीत नाकातली मंडळी घेतली आणि दोघांनाही सारखीच पिवळी पाजली.

सकाळी येऊन तिनं पहिली बशी बघितली. सगळे आडवे. मग तिनं दुसरी बशी बघितली. नाकातले मजेत पोहत होते. पिवळ्या पाण्यात, शेपट्या उडवत, जणू पाणी त्यांच्यासाठीच रंगवलंय.

तिनं काय काय समजूत घालून घेतली नाही! पिवळी जुनी झाली असेल. बशी नीट धुतली नसेल. नाकातले अजून रुळले नसतील. तिनं नवी पिवळी बनवली, नव्या बशा घेतल्या, ढोस दुप्पट केला, मग चौपट. पाणी इतकं पिवळं झालं की आतलं दिसेना. दिसलं तेव्हा नाकातली मंडळी पोहतच होती.

"फ्लास्कातले मरतात, त्याअर्थी पिवळीत दम आहे," ती जंतूवाल्याला म्हणाली. तिचा आवाज जरा चिरका झाला होता. "नाकातलेच काहीतरी विचित्र असणार."

जंतूवाला हातातल्या चहाच्या कपाकडे बघत होता. कोराच घ्यायचा तो, दुधाचा त्याला त्रास होई. "हा घालून बघू?" तो म्हणाला.

"काय?"

"चहा."

ती त्याच्यावर ओरडणार होती. पण ओरडण्याऐवजी तिनं चहा गार केला, बारीक जाळीच्या गाळणीतून निर्जंतुक करून गाळला, आणि दोन्हीकडच्या ताज्या बशांत थेंब थेंब सोडला. मग आता सुरुवात केलीच आहे म्हणून नव्या बशांत खोकल्याचं औषध. मग हात धुवायचा साबण. साबणानं दोन्हीकडचे मेले, साबणापुढे कुणाचं काय चालतंय! पण चहानं आणि खोकल्याच्या औषधानं नाकातल्यांचा केससुद्धा वाकडा झाला नाही. फ्लास्कातली मंडळी मात्र चहानं गेली, आणि खोकल्याच्या औषधानंही गेली. मग जंतूवाल्यानं त्यांना नुसतं मिठाचं पाणी दाखवलं, तर अर्धीअधिक त्यानंच गार पडली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. तीस वर्षं आयतं खाऊन, उबेत लोळून मंडळी इतकी नाजूक झाली होती की कुणी रागावून बघितलं तरी जीव सोडतील. माणसाच्या अंगात शिरायचं, पेशीत लपायचं, मार खाऊन टिकायचं, हे सगळं ती कधीच विसरली होती. नाकातली भावंडं मात्र इतकी वर्षं रोज सरांच्या रक्ताशी झटापट करून टिकली होती. आणि बाहेरचा एकही परजीवी आत येऊ द्यायचा नाही या नियमामुळे हे कुणालाही कळलं नव्हतं. पिवळी चहाइतकी गुणकारी होती.

रसायनवालीला रडू आलं नाही, तिला भयंकर राग आला. सरांचा, त्या फ्लास्कचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. सहा वर्षांत एकदाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं, की बाबांनो, हे एवढ्या पटकन का मरतायत?

जंतूवाल्यानं आपला कप धुवून ठेवला. मग म्हणाला, "एक सांगू? समितीला आपण आपल्याच घराण्यावरचे निकाल देणार आहोत. तसं तर लिहिलंय आधीच. त्यात खोटं एक अक्षर नाही. नाकातल्यांबद्दल कुणी विचारलेलंच नाही."

"आणि मग?"

"मग समिती मान डोलावेल. तुझी नोकरी कायम होईल, तुझी पिवळी पुढे जाईल. पुढे प्राण्यांवर नाही चालली तर नाही चालली. तोवर दोन वर्षं जातील. कुणाला दोष लागणार नाही."

तिला मोह झाला. दुपारभर ती बाकावर बसून विचार करत राहिली, आणि बहुतेक सगळा विचार गप्प बसण्याच्या बाजूनं होता. दोन वर्षांत ती पिवळीत काही सुधारणाही करू शकली असती. सगळ्या प्रयोगशाळा अशाच चालतात, असंही तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण मग तिनं पिवळीची बाटली हातात घेतली आणि ती हलकी लागली. तिनं झाकण उघडलं. अर्धी रिकामी होती.

ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा सर भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहून भाषणाची तालीम करत होते. त्यांचं नाक पिवळंधमक होतं.

"...त्याच नाकावर, मित्रहो, आज..." सर वळले. "ये, ये. 'मित्रहो' म्हणू का 'मान्यवर'?"

"सर, नाकातल्यांबद्दल जरा बोलायचं होतं."

"समितीसमोर!"

"पण सर, ते मरत..."

"मरतायत, ठाऊक आहे! मला आतून जाणवतंय, चुरचुरतं. पण आत्ता काही फोडू नकोस. सगळं समितीसमोर." त्यांनी तिला खांद्याला धरून प्रेमानं दाराबाहेर काढलं. जवळून तिला दिसलं, की पिवळ्या रंगाखाली सूज वाढली होती आणि तिची कड फुटून ओली झाली होती. काकूंनी ठरवलेली डॉक्टरची वेळ सरांनी बैठकीनंतरवर ढकलली आहे, हे तिला काकूंकडून आदल्याच दिवशी कळलं होतं.

बैठकीच्या दिवशी सर मास्क लावून आले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, आणि मधोमध अध्यक्षबाई. त्या इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टर होत्या आणि आयुष्यभर हेच व्रण बघत आल्या होत्या. सरांनी वाळूमाशीपासून सुरुवात केली. तीस वर्षं त्यांनी पंधरा मिनिटांत आणली. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, "आणि आता, मान्यवर, हे बघा!" त्यांनी मास्क काढला.

समितीनं बघितलं. नाक इतकं पिवळं होतं की त्याचं काय चाललंय हे लांबून समजतच नव्हतं. एका सदस्यानं चुकून टाळी वाजवली आणि मग हात खाली घेतले.

"औषध ज्यांनी बनवलं त्यांच्याकडून ऐकू," अध्यक्षबाई म्हणाल्या.

रसायनवाली उभी राहिली. तिनं ठरवलेलं भाषण होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"पिवळी आमच्या फ्लास्कातल्यांना मारते," ती म्हणाली. "चहाही मारतो."

एका सदस्यानं कप तोंडापाशी नेला होता, तो खाली ठेवला.

मग तिनं सगळं सांगितलं. दोन बशा, दुप्पट ढोस, चौपट ढोस, चहा, खोकल्याचं औषध, मिठाचं पाणी. नाकातले पोहत होते हेही सांगितलं. "तेव्हा मी पिवळीला परवानगी मागत नाही," ती म्हणाली आणि खाली बसली. बसल्यावर तिला कळलं, की आपण आत्ता आपल्या हातानं काय केलं.

सर लालेलाल झाले, पिवळा भाग सोडून. "ही दमलीय," ते म्हणाले. "फार काम केलंय पोरीनं. तिच्या बशांत काहीतरी घोळ असणार. तीस वर्षांचं घराणं आहे हे, मान्यवर! जगभर गेलंय! चहानं मरतील का ते?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून सरांपर्यंत आल्या आणि त्यांचं नाक जवळून बघू लागल्या.

"सर," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, जसा त्या वॉर्डात रोज कुणालाही विचारत असतील, "बरं वाटतंय का?"

सरांनी सवयीनं बोट नाकाकडे नेलं. पण नाकाला लावलं नाही, मधेच थांबवलं, कारण लावलं असतं तर दुखलं असतं. सगळे त्या बोटाकडे बघत होते. रसायनवालीनं मान खाली घातली. आपल्यामुळे म्हातारा उघडा पडतोय, याचं तिला फार वाईट वाटलं.

"नाही," सर म्हणाले.

"वाढतंय?"

"रोज वाढतंय. दुखतं फार. झोप लागत नाही." आणि मग समितीकडे न बघता ते म्हणाले, "मुलगी बरोबर सांगतेय. फाईल बंद करा."

बैठक संपल्यावर सर खाली गेले. रसायनवाली त्यांच्या मागोमाग गेली. इन्क्युबेटरचं दार उघडं होतं आणि सर स्टुलावर बसून फ्लास्ककडे बघत होते.

"आधी येऊन सांगता आलं नसतं?" त्यांनी विचारलं.

"आले होते, सर. तुम्ही आरशात बघत होतात."

सरांनी फ्लास्ककडे बोट केलं. "चहानं मेले?"

"हो."

"दुधाच्या?"

"कोऱ्या."

"आणि नाकातले?"

"त्यांना काही झालं नाही."

सरांची मान किंचित ताठ झाली. असल्या वेळीसुद्धा त्यांना आपल्या नाकातल्यांचा अभिमान वाटला, हे बघून रसायनवालीला हसू आलं.

"मग हे टाकायला हवेत," सर म्हणाले. "वॉर्डातून नवे आण. प्रत्येकाचे वेगळे. माझ्या एकट्याच्या नाकावर विसंबू नकोस." त्यांनी फ्लास्क उचलला, पण ओतेनात. तिच्याकडे दिला, तर तिच्याही हातून होईना. ज्यांना मारण्यात सहा वर्षं घालवली त्यांना मारताना तिचा हात अडला. दोघं फ्लास्क या हातातून त्या हातात देत उभे राहिले.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांना डॉक्टरकडे जायची घाई होती. त्यांनी एकदा दोघांकडे बघितलं, मग फ्लास्ककडे. फ्लास्क हिसकावून घेतला, सिंकशेजारची ब्लीचची बाटली उचलून त्यात भडाभडा ओतली आणि फ्लास्क सिंकमध्ये ठेवून दिला.

"तीस वर्षं सवत नांदवली मी," त्या हात धुत म्हणाल्या. "चला, सुईची वेळ झाली. आणि तूही चल ग. यांना धरायला कुणीतरी लागेल. दात काढताना रडतात, सुईला तर काय करतील."

वॉर्डात सरांना कडेची खाट मिळाली. शेजारच्या खाटांवरून रुमाल बांधलेले चेहरे त्यांच्या पिवळ्या नाकाकडे बघत होते. नर्सनं स्पिरिटनं नाक पुसायला घेतलं. पिवळं सहजासहजी निघेना. रसायनवाली खाटेशेजारी बसून सरांचा हात धरून होती, आणि सुई पुढे येताना बघून तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी वाहायला लागलं. सकाळपासून अडवून ठेवलेलं सगळंच एका वेळी आलं. सहा वर्षं, पिवळी, सगळंच. तिला तोंड लपवायलाही जमेना.

"वडील का तुमचे?" नर्सनं मायेनं विचारलं. "रडू नका, ताई. होतील बरे. औषध जुनं आहे, दुखतंही खूप. पण चालतं."

"चालतं?" तिनं विचारलं.

"चालतं तर. अहो, इथून कितीतरी लोक धडधाकट होऊन घरी गेलेत."

औषधाबद्दल हे वाक्य ऐकायला ती सहा वर्षं काम करत होती. ते ऐकलं, दुसऱ्याच औषधाबद्दल ऐकलं, आणि तरी तिला बरं वाटलं. तिनं नाक ओढलं आणि सरांचा हात आणखी घट्ट धरला.

"अगं, हळू," सर डोळे मिटून म्हणाले. "सुईपेक्षा तूच जास्त दुखवतेयस."